टोनचा रकाना

मास्तरांना जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता, आणि ज्या थोड्या गोष्टींचा नव्हता त्यांच्याशी त्यांची अजून गाठ पडायची होती. पंचवीस वर्षं बंदरावरच्या वायरलेस खोलीत काढून ते निवृत्त झाले, आणि घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल टाकून हातात धरून बोलायचे वॉकीटॉकी रेडिओ दुरुस्त करायला बसले. तोंडावर सगळे त्यांना रेडिओमास्तर म्हणत. पाठ फिरली की ‘खरखरे’ म्हणत, कारण कुठलाही सेट हातात आला की तो चालू करायच्या आधीच मास्तर म्हणायचे, “खरखर असणार.” आणि बहुतेक वेळा असायची, हेच लोकांना सहन होत नसे.

दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : ‘आधी आवाजाचं बटण फिरवून बघा, मग आत या.’ ही पाटी वाचूनही आत येणारे होतेच. पहारेकरी यायचे, जे सेट टेलिफोनसारखा कानाला चिकटवून बोलत. कार्यक्रम भरवणारे यायचे, ज्यांनी सेटचा अँटेना दातकोरण्यासारखा चावलेला असे. मास्तर अशा माणसांकडे बघतही नसत. सेट घेत, उलटा करत, नाकातून हवा सोडत आणि म्हणत, “ठेवा. परवा या. येताना अक्कल मिळाली तर घेऊन या.” गिऱ्हाईक परवा येई. अक्कल मिळालेली नसे, पण सेट मात्र घड्याळासारखा चालू झालेला असे. त्यामुळे शिव्या खाऊनही लोक त्यांच्याकडेच येत.

त्यांच्या धंद्यात खरं काम असतं ते सेट भरण्याचं. रेडिओच्या पोटात कुठला चॅनेल, किती जोराने बोलायचं, कुणाचं ऐकायचं, हे सगळं संगणकावरून एका केबलने भरावं लागतं. या कामाचा मास्तरांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी गावभर ऐकवला होता. आधी वाचायचं, मग जपून ठेवायचं, मग लिहायचं. सेटमध्ये आधी काय आहे ते वाचून त्याची फाइल बाजूला ठेवल्याशिवाय वर नवं काही लिहायचं नाही, कारण एकदा लिहिलं की जुनं पुसलं जातं आणि ते ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. “न वाचता लिहिणाऱ्याला मी गाढव म्हणत नाही,” मास्तर म्हणत. “गाढव वाचत नाही, पण निदान लिहीतही नाही.”

एवढ्या सगळ्या तुच्छतेतून त्यांनी एक माणूस वगळला होता, तो म्हणजे त्यांची मुलगी. ती उंच इमारतींच्या कामावर टॉवर क्रेन चालवायची. जमिनीपासून चाळीस मजल्यांएवढ्या उंचीवर काचेच्या खोपटात ती एकटी बसे. खाली काय चाललंय ते तिला मुंग्यांएवढं दिसे, म्हणून खालचा इशारेवाला रेडिओवर सांगेल तसा भार ती वर घेई, फिरवी, खाली सोडी. तिचे डोळे म्हणजे तो रेडिओ. आणि त्या कामावरचे बाराच्या बारा सेट नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनीच भरले होते. प्रत्येकाच्या पाठीवर त्यांची छोटी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘रेडिओमास्तर’ असं छापलेल्या त्या चिठ्ठीचा त्यांना फार अभिमान.

मुलीने मात्र एक गोष्ट केली होती जी मास्तरांनी कधी माफ केली नाही. त्याच कामावर स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाशी तिने लग्न केलं. “हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून स्टोअरमध्ये गेली आणि जावई घेऊन आली. पट्टा तसाच राहिला,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जावई सावकाश बोलायचा, विचारलं तेवढंच सांगायचा, आणि त्याच्याशी भांडायला गेलं तर भांडण वाटेतच विझायचं. मास्तर पाठीमागे त्याला थंडोबा म्हणत. समोर मात्र ‘जावईबापू’ आणि ‘तुम्ही’. तो आदर असा काही ओतलेला असे की त्यापेक्षा कानफटात परवडली.

बुधवारी दुपारी ते घडलं. लोखंडी सळ्यांचा भारा क्रेनला टांगलेला होता. मुलीला कानात स्पष्ट ऐकू आलं, ‘खाली घे, खाली घे, अजून.’ तिने घेतला. भारा कामगारांच्या पत्र्याच्या शेडवर उतरला आणि शेड बसल्या जागी चेपली. कामगार जेवायला तिथेच बसत. त्या दिवशी पाच मिनिटं उशीर झाला होता म्हणून आत डबे होते, माणसं नव्हती. इशारेवाला शपथेवर म्हणाला की मी एक शब्द बोललो नाही, आणि खालच्या गोंगाटात काही ऐकलंही नाही. कामावरच्या साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘आदेश नसताना चालिकेने भार उतरवला’, तिला क्रेनवरून खाली उतरवलं आणि बाराही सेट स्टोअरमध्ये जमा करून घेतले. सोमवारी चौकशी होती. चौकशीत हेच ठरलं असतं तर तिचा परवाना रद्द झाला असता. अकरा वर्षांची नोकरी जाणार, आणि वर कायमचा ठपका.

बुधवारी संध्याकाळी ती बापाकडे आली. म्हणाली, “बाबा, मला आवाज आला. शेजारच्या प्लॉटवर महिन्याभरापूर्वी दुसरी क्रेन उभी राहिली, ती आजपासून चालू झाली आहे. त्यांचा तर नसेल?”

मास्तर टेबलावरून मानही न उचलता म्हणाले, “त्यांचा कसा येईल? मी टोन घातलेला आहे. कान तपासून घे.”

टोन म्हणजे माणसाला ऐकू न येणारा एक बारीक सूर. सेट बोलताना प्रत्येक वाक्याखाली तो सूर सोडतो, आणि ज्या सेटला तो सूर ओळखीचा असतो तेवढाच सेट तोंड उघडतो. टोन नसेल तर त्या चॅनेलवर बोलणारा कुणीही सोम्यागोम्या थेट तुमच्या कानात. मास्तरांनी टोन घातला होता, म्हणजे प्रश्न मिटला.  मुलगी चहा न घेता गेली, आणि त्यानंतर बापाशी एक शब्द बोलली नाही.

रविवारी सकाळी नवराबायको दोघं आली. मुलगी चपला काढून सरळ स्वयंपाकघरात आईकडे गेली. जावयाने प्लॅस्टिकच्या क्रेटमधून आणलेले बारा सेट टेबलावर ओळीने मांडले, कामावरचा लॅपटॉप ठेवला आणि खिशातून एक केबल काढून त्यावर ठेवली.

“साहेबांनी सांगितलंय,” तो म्हणाला, “उद्या चौकशीच्या आधी सगळे सेट नव्याने भरून हवेत. टोनसकट.”

“टोन आहेच.”

“तरी नव्याने.”

“म्हणजे साहेबांना नवीन रंग लावून हवाय. द्या लावून. साहेब लोकांना भिंत कशी आहे याच्याशी देणंघेणं नसतं.” मग त्यांनी ती केबल दोन बोटांत उचलली, पालीचं तुटलेलं शेपूट उचलावं तशी. बारीक, हलकी, एका टोकाला निळसर पारदर्शक प्लास्टिक. “आणि हे कुठून पैदा केलंत, जावईबापू?”

“मागवली.”

“आत चिप नकली असणार. असली म्हणून विकायची, संगणकाने ओळखली की तोंड लपवायचं. तुमच्या स्टोअरमध्ये अशीच खरेदी चालते का? बोला, बोला, लाजू नका.”

 जावयाने केबल परत घेतली आणि गुडघ्यावर गुंडाळून ठेवली.

मास्तरांची स्वतःची केबल भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलेली असे. त्या खिळ्याला दुसरं काही टांगायची मास्तरीणबाईंनाही परवानगी नव्हती. जाड काळी वायर, अस्सल चिप, हातचं सोल्डर. चार वर्षांपूर्वी प्लगच्या मानेशी वायर तुटायला आली तेव्हा मास्तरांनी तिथे रेझिन ओतून अंगठ्याएवढा गोळा केला होता. “आता ही माझ्यानंतरही राहील,” असं ते म्हणत, आणि ऐकणाऱ्याला केबलची कीव येई.

त्यांनी ती लॅपटॉपला लावली. पडद्यावर पिवळा त्रिकोण उगवला आणि खाली ओळ आली. ही चिप आता बंद झाली आहे, कृपया विक्रेत्याशी संपर्क साधा.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“बंद झाली? अरे, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा ही चालत होती!” ते लॅपटॉपला म्हणाले. “नकली पकडायला बसवलेले हे पहारेकरी, आणि घरच्या म्हाताऱ्यालाच दारात अडवतात. ड्रायव्हर नवा आहे. जुना घालावा लागेल.”

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि केबल यांच्यामधला दुभाषा. नव्याला जुन्याची भाषा येत नसेल तर यादीतून जुना शोधून बसवावा लागतो. मास्तरांनी यादी उघडली तर जुना ड्रायव्हर तिथे हजर होता.

“हा आधीच कुणी आणून ठेवलाय?”

“मी,” जावई म्हणाला.

“कशाला?”

“असावा म्हणून.”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. स्टोअरवाल्यांची हीच खोड, लागो न लागो, आणून ठेवायचं. त्यांनी जुना ड्रायव्हर निवडला, त्रिकोण गेला. मग प्रोग्रॅम उघडला, तर तो तीन नंबरच्या पोर्टवर वाट बघत होता आणि केबल बसली होती सातवर. एक माणूस एका स्टँडवर उभा आणि बस दुसऱ्या स्टँडला, असल्या घोळाला मास्तर सरावलेले होते. त्यांनी सात केलं. मुलीचा सेट ओळीत पहिला होता. त्याच्या पट्ट्याला तिने लाल धागा बांधलेला असे. त्यात प्लग घातला आणि वाचण्याचं बटण दाबलं.

‘रेडिओ उत्तर देत नाही.’

“सेट चालू आहे ना?” जावयाने विचारलं.

मास्तर हळूच वळले. “जावईबापू, दारावरची पाटी कुणी लिहिली आहे?”

सेट चालू होता. मास्तरांना तेवढंच समाधान मिळालं, आणि पुढचा तासभर त्यांना ते पुरवून पुरवून खावं लागलं. त्यांनी बॅटरी बदलली. दुसरा सेट घेतला, तिसरा घेतला. उत्तर नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसऱ्या बाजूच्या खाचेत केबल लावली, तर पोर्टचा नंबर बदलून नऊ झाला. तो शोधून परत जुळवला. उत्तर नाही. मीटर घेऊन केबलची एकेक तार तपासली. प्रत्येक तारेला मीटर नीट पिं करून ओरडला. केबल ठणठणीत.

“म्हणजे सेट भंगार,” मास्तर म्हणाले. “नऊ वर्षांत तुमच्या लोकांनी त्यांची वाट लावली. पाण्यात घातले असतील. सिमेंटमध्ये पुरले असतील. भंगार! बाराच्या बारा भंगार!”

स्वयंपाकघरात काहीतरी बोलणं चाललेलं होतं ते ‘भंगार’ म्हटलं की थांबायचं आणि जरा वेळाने पुन्हा सुरू व्हायचं.

“ही लावून बघू?” जावयाने गुडघ्यावरची केबल पुढे केली.

“ती लावण्यापेक्षा मी सेटच्या कानात ओरडून चॅनेल सांगेन.”

मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी टेबलावरचा पसारा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला, कप जावयाच्या हातात दिला आणि नवऱ्याचा लांब ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात त्या शिकल्या होत्या की अशा वेळी गरम पदार्थ त्याच्या हाताशी ठेवू नये.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शेवटी मास्तरांच्याच नखाला कळलं. प्लग सेटमध्ये गच्च दाबताना त्यांचं नख सेट आणि प्लग यांच्यामधल्या फटीत गेलं. फट असायला नको होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं. या सेटची खाच खोल, आणि भोवती कडा. मास्तरांनी ओतलेला तो अंगठ्याएवढा गोळा त्या कडेवर अडत होता. प्लग आत जातो असं वाटायचं, पण शेवटचं दोराभर अंतर राहायचं. केबल अस्सल, तारा अस्सल, सोल्डर अस्सल, आणि तो मजबुतीचा गोळाच मध्ये पाय अडवून बसलेला.

जावयाचं लक्ष त्या फटीकडेच होतं. ते केव्हापासून होतं, हे मास्तरांनी विचारलं नाही.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि गोळा तासायला बसले. पिवळट चुरा टेबलावर पडत राहिला. तासताना ते जगाला उद्देशून बरंच काही बोलले. सेट बनवणाऱ्यांच्या बुद्धीबद्दल, खाच खोल करण्याच्या हौसेबद्दल. अखेर प्लग आत गेला आणि टक् असा आवाज आला. मास्तरांनी बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी सरकली, भरली, आणि रकाने उघडले.

चॅनेल, बरोबर. ताकद, बरोबर. टोनच्या रकान्यात काही नव्हतं.

 मास्तरांनी दुसरा सेट लावला. टोनचा रकाना रिकामा. तिसरा. रिकामा. पाचव्यानंतर ते थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या त्या काळ्या केबलकडे संशयाने बघत म्हणाले, “ही खोटं वाचतेय.”

जावयाने चहाचा घोट घेतला.

“आणा ती तुमची.”

निळसर प्लग पहिल्याच झटक्यात टक् करून बसला. पट्टी सरकली. नकली चिपनेही तेच वाचलं. टोनचा रकाना रिकामा.

आता मात्र मास्तरांना आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं, आणि तेही बारीकसारीक तपशिलासह. नऊ वर्षांपूर्वी साहेब याच टेबलाशी उभे होते. कुठल्याशा माहितीपत्रकात टोनबद्दल चार ओळी वाचून आले होते आणि मास्तरांना शिकवायला लागले होते, “मास्तर, तेवढा टोन घालायचा बरं का.” मास्तरांचं टाळकं सटकलं होतं. बंदरावर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हा परवाचा पोरगा टोन शिकवणार? “टोन बहिऱ्यांना लागतो, साहेब,” ते म्हणाले होते. “आसपास दोन मैलांत दुसरा रेडिओ नाही.” आणि मग, निव्वळ त्या माणसाला दाखवून देण्यासाठी, त्यांनी टोन घातला नव्हता. इतर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते टोन घालत. फक्त याच बारा सेटांना नाही. पुढे तो राग विसरला, साहेबांचे केस पिकले, आणि ‘मी नेहमी टोन घालतो’ एवढंच मास्तरांच्या लक्षात राहिलं.

शेजारी दुसरा रेडिओ यायला नऊ वर्षं लागली होती, एवढंच.

नियमाप्रमाणे आता जपून ठेवायचं होतं. मास्तरांनी फाइल ठेवण्याची खिडकी उघडली. तिथे आधीच एक फाइल होती. नाव ‘क्रेन सेट’, तारीख कालची. त्यांनी ती उघडली. तेच रकाने, तोच रिकामा टोन.

“हे काल वाचलंत तुम्ही?”

“हो.”

“या केबलने?”

“हो. जुना ड्रायव्हर घातल्यावर चालली.”

“म्हणजे एक तास मी इथे नाचत होतो आणि तुम्ही बसून बघत होतात!” मास्तरांचा आवाज चढला. “मूग गिळले होते का? कालच सांगायला काय झालं होतं?”

जावयाने कप खाली ठेवला. तो नेहमीइतकाच सावकाश बोलला. “मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुमची केबल नकली आहे. तुम्ही स्वतः वाचल्याशिवाय तुम्हाला पटलं नसतं, मामा. तिचं तरी कुठे पटलं?”

मास्तरांनी टेबलावरचा पिवळट चुरा तळहाताने गोळा केला.

“ही फाइल चौकशीत ठेवायची, म्हणजे ती सुटेल,” जावई पुढे म्हणाला. “पण सेटच्या पाठीवर चिठ्ठी तुमची आहे. ती म्हणाली, बाबांना मध्ये आणायचं नाही. परवाना गेला तरी चालेल. नव्याने भरून टाका, विषय संपवा, असं तिने मला सांगितलं. साहेबांनाही तेच हवंय. मी तिला हो म्हणालो.” त्याने सेटांच्या ओळीकडे बघितलं. “पण आधी वाचायचं, असं तुम्ही म्हणता. म्हणून सेट इथे आणले.”

लिहिण्याचं बटण पडद्यावर समोरच होतं. बारा सेट, बारा वेळा दाबायचं. दुपारपर्यंत सगळे रकाने भरले असते. उद्या चौकशीत कुणी सेट उघडून बघितले असते तर टोन जागच्या जागी दिसला असता, मास्तरांची पिवळी चिठ्ठी वर चमकली असती, आणि मुलीचे कान खराब ठरले असते. स्वतः मुलीनेच परवानगी दिलेली होती. मास्तरांनी बोट त्या बटणापर्यंत नेलं, खोटं कशाला बोला. ते तिथे बराच वेळ होतं. ज्या माणसाने आयुष्य दुसऱ्यांना मूर्ख म्हणण्यात घालवलं त्याला स्वतःसाठी तो शब्द वापरायची सवय नसते. जीभ वळत नाही.

त्यांनी बोट काढलं. आपण वाचलेलंही जपून ठेवलं आणि लॅपटॉप मिटला. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. मुलगी ओट्याला टेकून उभी होती.

“तू नव्याने भरून टाकायला सांगितलंस यांना?” ते म्हणाले. “माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी नाही,” ती म्हणाली. “तुमच्या त्या पिवळ्या चिठ्ठ्यांसाठी. त्या गेल्या तर तुम्ही आईचं जिणं हराम कराल.”

मास्तरीणबाईंनी मान हलवली. त्यांना हे पटण्यासारखं होतं.

सोमवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून चौकशीला गेले, न बोलावता. पत्र्याची ऑफिसची खोली, लांब टेबल, साहेब, बाहेरून आलेले दोन अधिकारी, मुलगी एका टोकाला. साहेबांनी बाराही सेट पाहिले आणि विचारलं, “मास्तर, झाले ना भरून?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “हात लावलेला नाही.”

त्यांनी लाल धाग्याचा सेट टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज पूर्ण वाढवला, आणि बाकीचे अकरा सेट सगळ्यांसमोर बंद केले. खोलीत सगळे त्या सेटकडे बघत बसले. एक अधिकारी घड्याळ बघू लागला. मास्तर हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना वाट बघायची सवय होती. पाचसहा मिनिटांनी सेट खरखरला, आणि शेजारच्या प्लॉटवरचा कुणी अनोळखी माणूस त्या बंद खोलीत स्पष्ट बोलला, “खाली घे, खाली घे. अजून. बस्स.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मुलीने कुणाकडेही बघितलं नाही.

“टोन नाही यात,” मास्तरांनी सांगितलं. त्यांनी लॅपटॉप उघडून तो रिकामा रकाना दाखवला, कालची फाइल दाखवली, परवाची दाखवली.

“हे भरलं कुणी होतं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“एका महामूर्खाने,” मास्तर म्हणाले, आणि शब्द तोंडातून निघाल्यावर थोडं सोपं झालं. “साहेबांनी त्याला टोन घाल म्हणून सांगितलं होतं. साहेब सांगतात म्हणून त्याने घातला नाही. पाठीवर त्याची चिठ्ठी आहे, पिवळी. वाचून घ्या. आणि बुधवारी या मुलीने त्याला खरं काय घडलं ते सांगितलं, तेव्हा त्याने तिला कान तपासून घे म्हटलं. हेही लिहून घ्या. तिचे कान उत्तम आहेत.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मुलीवरचा ठपका त्याच दुपारी काढला. त्या कामाच्या यादीतून रेडिओमास्तर हे नावही त्याच दुपारी काढलं. साहेबांनी सांगितलं की शेवटचं म्हणून सेट तेवढे भरून द्या, आणि चिठ्ठ्या काढून टाका.

मास्तर स्टोअरमध्ये एका खोक्यावर बसले. जावयाची निळसर केबल लावून त्यांनी बाराही सेटांत टोन घातला. प्रत्येक सेट लिहून झाल्यावर पुन्हा वाचून बघितला. मग ब्लेड घेऊन पिवळ्या चिठ्ठ्या खरवडायला लागले. नऊ वर्षांचा गोंद होता, सुटता सुटत नव्हता. जावई समोर उभा होता. एकदा त्याने कापूस आणि स्पिरिटची बाटली न विचारता पुढे सरकवली. मास्तरांनी ती घेतली. “तुमचं स्टोअर बरं आहे,” ते म्हणाले, आणि असं म्हटल्याबद्दल लगेच त्यांना स्वतःचा राग आला.

अकरा चिठ्ठ्या निघाल्या. लाल धाग्याचा सेट घेतला तेवढ्यात मुलगी आली. डोक्यावर हेल्मेट होतं, क्रेनवर चढायला निघाली होती. तिने बापाच्या हातातून सेट काढून घेतला.

“थांब, चिठ्ठी राहिली,” मास्तर म्हणाले.

“राहू दे,” ती म्हणाली. “वर बसल्यावर समोर दिसायला हवी. कुणाचं ऐकायचं नाही ते लक्षात राहील.”

तिने सेट पट्ट्याला अडकवला आणि शिडीकडे गेली. मास्तर ब्लेड हातात धरून तिथेच बसले होते. थोड्या वेळाने समोरच्या अकरा सेटांतून एकदम तिचा आवाज आला. ती वरून विचारत होती, आवाज नीट येतोय का. जावयाने एक सेट उचलून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि नाकातून हवा सोडली.

“येतोय,” ते म्हणाले. “खरखर नाही.”